मणक्याची डीएसए: भीती नक्की कशाची धरायची?

नदीकाठ:
काल इथल्या एका लेखात सल्ला वाचला: "साठीनंतर मणक्याची अँजिओग्राफी म्हणजे विकतचं दुखणं. ड्युरल फिस्टुला हळू चालतो. फिजिओ करा, सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय बघा." राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय. (ही अँजिओग्राफी म्हणजेच डीएसए, धमन्यांत नळीतून डाय सोडून काढलेले एक्स-रे. ड्युरल फिस्टुला म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणात धमनी आणि शीर यांची थेट जोडणी.)

हळू चालतो म्हणजे किती हळू? अमिनॉफ आणि लोग यांनी १९७४ साली उपचार न झालेल्या रुग्णांचं मांडलंय: लक्षणं सुरू झाल्यापासून ३ वर्षांत निम्मे लोक गंभीर अपंग. धमनीतलं रक्त थेट मज्जारज्जूच्या शिरेत घुसतं, शिरांमधला दाब वाढतो, निचरा होत नाही आणि मज्जारज्जू सुजतो. फिजिओने हा दाब कसा उतरणार?

माझे बाबा मंडईतून येताना चढावर थांबायचे. कुणाच्या ओट्यावर बसले की पाय परत चालू. "नस दबलीय" म्हणून कंबरेचा एमआरआय झाला, त्यात एल४-एल५ ची गादी सरकलेली. त्या वयात कुणाची नसते? पट्टा, ट्रॅक्शन, गोळ्या. लघवी अडायला लागली तर प्रोस्टेटचं औषध. वर्ष असंच गेलं. पूर्ण मणक्याचा एमआरआय झाला तेव्हा छातीपासून खालपर्यंत मज्जारज्जू पांढरा दिसत होता आणि त्याच्या मागे काळ्या ठिपक्यांची रांग. तरीही मायलायटिस, म्हणजे मज्जारज्जूचा दाह, समजून सलाइनमधून स्टिरॉइड चढवलं आणि रात्रीतून पाय गेले. या आजारात स्टिरॉइडने असं होऊ शकतं याच्या नोंदी आहेत. पण ते चढवताना धोक्याचा कागद कुणी पुढे केला नाही. डीएसएला मात्र सगळे नातेवाईक घाबरले.

तिठा:
तो लेख माझाच आहे. तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं, पण माझ्या काकांचंही ऐका. जुना मधुमेह, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधीच वाढलेलं. या तपासणीत मणक्याच्या प्रत्येक पातळीवर दोन्ही बाजूंना असलेल्या सेगमेंटल धमन्यांत एकेक करून डाय सोडतात, हृदयाच्या अँजिओसारखं पटकन आटोपत नाही. काकांना फिस्टुला सापडला नाही, डायलिसिस मात्र मागे लागलं. मज्जारज्जूला इजा व्हायचा धोका एक टक्क्याहून कमी, हे सगळे पाठ म्हणून दाखवतात. डायने किडनीचं काय होतं, ते कोण बोलतं?

काळाठिपका:
मी रेडिओलॉजीत आहे. दोघांची गाडी एकाच जागी अडलीय. आधी डाय देऊन एमआर अँजिओ (एमआरआय मशीनवरच रक्तवाहिन्यांची तपासणी) केली तर फिस्टुला कोणत्या पातळीवर आहे याचा बऱ्याचदा अंदाज येतो. मग डीएसए तिथूनच सुरू करायची. डाय कमी, रेडिएशन कमी, वेळही कमी. आणि तिठा, "सापडला नाही" म्हणजे "नाही" असं धरू नका. फिस्टुला कधी माकडहाडाजवळ असतो, कधी थेट कवटीत असतो. तिथल्या धमन्या तपासल्याच नाहीत तर तो कसा दिसेल?

घाटवाट:
सगळे धोक्याचं बोलताय, कटाचं, म्हणजे रुग्ण पाठवल्याच्या कमिशनचं, कुणीच नाही. कंबरेचा एमआरआय कुठल्या सेंटरला करायचा हे चिठ्ठीवरच लिहिलेलं असतं. २०१७ साली राज्याने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा केला, पुढे काय झालं? माझ्या सासूबाईंना एकाच गुडघ्यासाठी दोन ठिकाणी एमआरआय करायला लावला.

तालुका_डॉक्टर:
घाटवाट, गुडघा इथे कुठून आला? मी तालुक्याला दवाखाना चालवतो, रुपयाचा कट घेत नाही. हा आजार वर्षाला दहा लाखांत ५ ते १० जणांना होतो. माझ्यासारख्याला आयुष्यात एखादा दिसेल. कंबर-पाय दुखणारे रोज रांगेत असतात. चुकलं की लगेच पैसे खाल्ले?

घाटवाट:
सगळ्यांना म्हटलं नाही. पण बाबांचा पूर्ण मणक्याचा एमआरआय वर्षभर का सुचला नाही, याचं उत्तर द्या ना.

तालुका_डॉक्टर:
उत्तर कटात नाही, तपासण्यात आहे. पाय जड, लघवी अडते आणि गुडघ्याचा झटका (रिफ्लेक्स) वाढलेला असेल तर दोष कंबरेत नाही, वर मज्जारज्जूत आहे. एक हातोडी लागते त्याला. ती सगळे वापरत नाहीत, हे मान्य. खिशातून काढायचा कंटाळा करतात.

घाटवाट:
हेच मी म्हणतोय, तुम्ही फक्त कारण वेगळं देताय.

तालुका_डॉक्टर:
कारण वेगळं असलं की इलाजही वेगळा असतो, साहेब. कायद्याने हातोडी वापरायला शिकवता येत नाही.

नदीकाठ:
धागा परत मणक्यावर आणा. फिस्टुला बंद करायला बाबांना ग्लू की ऑपरेशन यावर घरात भांडणं झाली. जांघेतून नळी घालून ग्लू सोडणं सगळ्यांना सोपं वाटत होतं. पण २००४ च्या एकत्रित विश्लेषणात पहिल्या प्रयत्नात फिस्टुला बंद झाला तो ऑपरेशनने ९८ टक्के, नळीतून ४६ टक्के.

काळाठिपका:
तो आकडा जुना आहे. नळीचं काम आता बरंच सुधारलंय, तरी ऑपरेशन पुढेच आहे. ग्लू शिरेच्या तोंडापर्यंत पोचला पाहिजे, धमनीतच थांबला तर फिस्टुला पुन्हा उघडतो. आणि मज्जारज्जूला रक्त देणारी धमनी त्याच फांदीतून निघत असेल तर ग्लू सोडायचाच नाही, पाय कायमचे जातील. ही फांदी नीट दिसते ती डीएसएतच.

तिठा:
ठीक. क्रिएटिनिन बघून, नेफ्रॉलॉजिस्टला विचारून, आधी एमआर अँजिओ करून मग डीएसए, एवढं मान्य. "सहा महिने थांबा" ही ओळ काढतो. किडनीचा परिच्छेद तसाच राहील, तो कुणी काढायला सांगू नये. नदीकाठ, बाबा आता कसे आहेत?

नदीकाठ:
ऑपरेशन झालं. मणक्याचं हाड थोडं काढून फिस्टुलाची ती एक शीर तोडली. काठी घेऊन अंगणात फिरतात. लघवीची नळी काही सुटली नाही. चालणं सुधारतं, लघवीचं फारसं सुधारत नाही, हे आधीच सांगितलं होतं. ते वर्ष वाया गेलं नसतं तर कदाचित सुटली असती.