बांबूचा ऑर्गन टिकतो, फक्त सांभाळावा लागतो
खेड्यातल्या चर्चमधला जुना ऑर्गन दुरुस्त करण्यात पैसा घालवू नये, काचेआड ठेवावा, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. फिलिपिन्समधल्या लास पिन्यासच्या चर्चमधल्या बांबूच्या ऑर्गनचं उदाहरण देतो.

आज लास पिन्यास मनिला महानगरात आहे, पण दिएगो सेरा हे स्पॅनिश धर्मगुरू तिथे होते तेव्हा साधं गाव होतं. त्यांनी 1816 मध्ये ऑर्गनचं काम सुरू केलं. किडीपासून वाचावेत म्हणून बांबू समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले. 1824 मध्ये काम पुरं झालं तेव्हा 1031 नळ्यांपैकी 902 बांबूच्या होत्या. तुतारीसारखा आवाज मात्र बांबूत जमेना, म्हणून त्या नळ्या धातूच्या. (आपल्या नाट्यसंगीतातला ऑर्गन वेगळा, त्यात पितळी स्वरपट्ट्या कंप पावतात. इथे बासरीसारखी नळीतली हवा बोलते.)

पुढे भूकंप आणि वादळांनी तो मुका झाला. 1973 मध्ये तो सुटा करून जर्मनीत बॉनच्या क्लाइस या ऑर्गन बनवणाऱ्या कारखान्यात नेला. तिथल्या कोरड्या थंडीत बांबू तडकेल म्हणून कारागिरांनी एका खोलीत फिलिपिन्ससारखी उष्ण, दमट हवा राखली! इतकी काळजी घेतली म्हणूनच 1975 मध्ये तो वाजता होऊन घरी परतला. पुढच्याच वर्षापासून तिथे त्याचा संगीत महोत्सव भरतो, आणि प्रार्थनेलाही तोच वाजतो.

काचेआड ठेवला असता तर त्या नळ्यांचा आवाज कुणाच्या कानी पडला असता?