डिझेल डिझायर विकून पेट्रोल घेऊ की सीएनजी? महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाट आहे

नमस्कार मंडळी. माझी २०१७ ची डिझायर आहे, १.३ डिझेल, १ लाख ४० हजार किमी झालेत, आता बदलायचीय. डिझेल इंजिन तर मारुतीने २०२० लाच बंद केलं. नवीन डिझायरमध्ये १.२ पेट्रोल, ३ सिलिंडर. पॉवर ८२ पीएस म्हणजे माझ्या ७५ पेक्षा जास्तच, पण टॉर्क, म्हणजे गाडी ओढायची ताकद, १९० वरून थेट ११२ न्यूटन मीटर, तेच मनाला खटकतंय. राहतो पुण्यात, रोज १० किमी ऑफिस. गाव चिपळूण, येताना बायको, दोन पोरं, आई आणि डिकीत तांदूळ-नारळ, म्हणजे भरल्या गाडीनेच घाट चढायचा. घरचे म्हणतात सीएनजी घे. काय करू?

घाटवेडा:
पेट्रोल घ्या, फक्त पायाची सवय बदलावी लागेल. तुमचं डिझेल २००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पूर्ण १९० द्यायचं, म्हणून थर्डमध्ये निवांत चढायचात, या पेट्रोलचा टॉर्क ४३०० ला येतो त्यामुळे सेकंड धरून इंजिन फिरू द्यायचं, आवाज वाढतो पण घाबरायचं नाही, वळणाआधीच गिअर खाली टाका, वळणावर टाकलात तर गाडी मरते. मी पाच जण बसवून ताम्हिणी केलाय.

सीएनजीवाला_सातारा:
माझी सीएनजी आहे, ऑफिससाठी खरंच परवडते. कंपनीचा आकडा किलोला ३३.७३, पेट्रोल मॅन्युअलचा लिटरला २४.७९. पण गॅसवर पॉवर ७० पीएस, आणि टाकी डिकीत, नारळाचं पोतं आईच्या पायाशी येणार दादा. गणपतीत एका पंपावर दीड तास रांगेत होतो, पोरं रडकुंडीला आली. घाट लागला की मी बटण दाबून पेट्रोलवर घेतो, तेवढं लक्षात ठेवलं तर चालतं.

निळी_टिगोर:
गॅसच हवा असेल तर टाटाची टिगोर बघा की, दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाला बसवलेत त्यामुळे बॅगा राहतात, आणि सीएनजीमध्ये एएमटी (क्लच न दाबता आपोआप गिअर बदलणारी) पण मिळते. पेट्रोलच घेणार असाल तर होंडाची अमेझ चालवून बघाच, ४ सिलिंडर, ९० पीएस, सिग्नलला उभी असताना स्टिअरिंग थरथरत नाही, मागे बसणाऱ्या आईंना फरक कळेल.

(मूळ प्रश्नकर्ता):
खूप आभार सगळ्यांचे. डिकीचं माझ्या डोक्यातच नव्हतं, सीएनजी डिझायर बाद. रविवारी डिझायर पेट्रोल आणि अमेझ दोन्ही मागवल्यात, घरच्या चौघांना बसवून कात्रजच्या जुन्या घाटात सेकंडवर चढवून बघतो, मग इथेच लिहितो.