मदत हवी आहे: सीईटीला ८८ पर्सेंटाइल, तरी इंजिनिअरिंगला अपात्र?

ऐरोलीची_आई
लेकाची यंदा बारावी सायन्स झाली. सीईटीला ८८ पर्सेंटाइल. कॅपचा (केंद्रीय प्रवेशाचा) फॉर्म भरला तर अपात्र दाखवतोय. सायबर कॅफेवाला म्हणतो बारावीला मार्क कमी आहेत. अहो, ५६ टक्के आहेत, नापास नाही! क्लासचे सर फोन उचलत नाहीत. मुदत संपत आलीये, पटकन सांगा.

कळवेकर
एकूण टक्के कोण विचारतंय? ग्रुपचे, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सचे मार्क सांगा. ओपनला ४५ टक्के, म्हणजे ३०० पैकी १३५. राखीवला ४०. तुम्ही कशात?

ऐरोलीची_आई
ओपन. फिजिक्स ४२, केमिस्ट्री ३७, मॅथ्स ५२. चार मार्कांसाठी अडवणार? मग सीईटी कशाला घेतात?

कळवेकर
सीईटीवर मेरिट लागतं, पात्रता बारावीवर. ९९ असते तरी हेच झालं असतं.

घोडबंदरी
केमिस्ट्रीची छायाप्रत मागवा आणि पुनर्मूल्यांकनाला टाका. माझ्या भाचीचे सहा वाढले.

कळवेकर
त्याची मुदत निकालानंतर लगेच असते हो. आता कुठे?

वाशीचा_डिप्लोमावाला
इंजिनिअरिंगचा हट्ट सोडा ताई. बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेतात, तिथून डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. वर्कशॉपमध्ये हात काळे केलेला पोरगा वेगळाच तयार होतो.

घोडबंदरी
म्हणजे चाराची पाच वर्षं. फी कोण भरणार, तुम्ही?

नेरुळ_पूर्व
आर्किटेक्चरला नाटा ही वेगळी परीक्षा किंवा जेईईचा दुसरा पेपर द्यावा लागतो, सीईटीचे हे मार्क चालत नाहीत.

वाशीचा_डिप्लोमावाला
आर्किटेक्चर कुणी काढलं इथे?

मीटर_डाऊन
दुसरी भाषा घेतली होती की आयटी?

ऐरोलीची_आई
आयटी, ८१ आहेत. पण तो टक्केवारी वाढवायला घेतलेला विषय, त्याचा इथे काय संबंध?

मीटर_डाऊन
तोच तर संबंध. फिजिक्स, मॅथ्स सक्तीचे. तिसरा विषय केमिस्ट्रीच हवा असं नाही. आयटी, कॉम्प्युटर सायन्स चालतात, माहितीपुस्तिकेत पात्रतेच्या पानावर यादी आहे. ४२, ५२, ८१ मिळून १७५, म्हणजे ५८ टक्के. कॅफेवाल्याने तिसऱ्या विषयात केमिस्ट्री टाकली असणार. बदला. फॉर्म लॉक झाला असेल तर मूळ मार्कशीट घेऊन सुविधा केंद्रावर जा, फोनवर कुणी काही करत नाही.

घोडबंदरी
पण फार्मसीला केमिस्ट्री लागतेच हं.

मीटर_डाऊन
फार्मसी नकोय त्यांना.

ऐरोलीची_आई
लॉक नव्हता. आयटी टाकलं, पात्र आलं! कॅफेवाल्याने वर पन्नास रुपये घेतले. आता ८८ ला ठाण्यात कॉम्प्युटर मिळेल का? ट्रान्सहार्बर लोकलने जाता येईल असंच कॉलेज हवं.

कळवेकर
त्याला वेगळा धागा काढा. आणि तिथे तरी कॅटेगरी आधी लिहा.

वाशीचा_डिप्लोमावाला
मी अजूनही म्हणतो, डिप्लोमा.