गढूळ पाण्यावर मीटर टिकत नाहीयेत, १४ आऊटलेटच्या सामाईक लाईनवर काय बसवावं?

शेवटचं_आऊटलेट:

नमस्कार मंडळी. आमची १४ जणांची सामाईक पाईपलाईन आहे, पाणी कालव्यातून थेट उचलतो, तोंडाशी एक मोठ्या भोकांची जाळी सोडली तर कुठलाच फिल्टर नाही. मेन लाईन २०० मिमी, प्रत्येकाच्या शेताशी १०० मिमीचं आऊटलेट, आणि दोन हंगामांपूर्वी सगळ्यांनी मिळून प्रत्येक आऊटलेटवर पंख्याचं मीटर बसवलं. आज १४ पैकी ९ मीटर बंद पडलेत. कुणाच्या पंख्यात गवत अडकलंय, कुणाचा आकडाच दिसत नाही काचेत, आणि एक मीटर तर लाईन सुरू झाल्या झाल्या, पाणी पोचायच्या आधीच गरगर फिरायला लागतं.

आता बाकीचे म्हणतायत मीटर काढून टाका, तासावर हिशोब करू. माझं आऊटलेट सगळ्यात शेवटी आहे म्हणून मला ते परवडत नाही. मी २०० लिटरचं पिंप लावून बघितलं, पहिल्या आऊटलेटला ते २० सेकंदांत भरलं, माझ्याकडे ३६ सेकंद लागले. म्हणजे त्याला सेकंदाला १० लिटर आणि मला साडेपाच, आणि तास दोघांचे सारखेच धरायचे? भांडायची इच्छा नाहीये, वर्षानुवर्षं एकत्र काम केलेली माणसं आहेत, पण मोजमाप बरोबर असलं पायजे एवढंच म्हणणं आहे.

इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटर असल्या पाण्यावर चालतं का? की उघड्या पाटात काहीतरी बसवून मोजावं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा प्लीज.

पाटकरी_जुना:

दादा, मीटर बदलायच्या आधी एक सांगा, तुमचा पाईप मीटरच्या जागी पूर्ण भरलेला असतो का? कारण तुम्ही जे पाणी पोचायच्या आधी फिरणारं मीटर म्हणताय ना, ते बिघडलेलं नाहीये, ते हवा मोजतंय. लाईन रिकामी असते, पंप सुरू झाला की आतली सगळी हवा पुढे ढकलली जाते आणि तिला बाहेर पडायला वाट एकच, तुमचं आऊटलेट. हवा हलकी, पंखा पाण्यापेक्षा कितीतरी जोरात फिरतो, आकडा तर वाढतोच वर बेअरिंग पण खराब होतं कारण त्याला ओलं राहायची सवय असते. मेन लाईनवर जिथे जिथे उंचवटा आहे तिथे एअर व्हॉल्व्ह पायजे, आणि मीटरच्या आधी एक पायजेच.

दुसरं, आऊटलेट जर मीटरनंतर लगेच खाली उघडं सुटत असेल तर पाईप अर्धाच भरून वाहतो. अर्ध्या पाईपला मीटर पूर्ण पाईप समजतं आणि जास्त दाखवतं, मग मीटर साधं असो नाहीतर इलेक्ट्रोमॅग्नेटिक. उपाय सोपा आहे, मीटरनंतर पाईप वर वळवून मीटरच्या माथ्यापेक्षा उंचावर सोडायचा, म्हणजे मीटरमध्ये पाणी कायम भरून राहतं.

हे दोन्ही नीट केल्याशिवाय नवीन मीटरला हात लावू नका.

गाळ_आणि_गवत:

वरच्यांचं बरोबर आहे पण मला वाटतं सगळ्यात मोठा दोष जाळीचा आहे. मोठ्या भोकांची एकच जाळी म्हणजे ओंडके अडतात, गवत आणि प्लॅस्टिकचे तुकडे आरामात आत जातात. पंख्याचं मीटर वाईट नसतं हो, मी बरीच वर्षं वापरतोय, पण त्याला लांब धाग्यासारखं काहीही चालत नाही, शेवाळाचा एक दोरा आसाला गुंडाळला गेला की पंखा हळू होतो आणि मीटर कमी दाखवायला लागतं. आणि कमी दाखवणाऱ्या मीटरची तक्रार कुणी करत नाही, म्हणून ते तसंच महिनोन्महिने चालू राहतं. याच्या उलट पण होतं, पाईपच्या आत गाळाचा थर बसून वाट अरुंद झाली की पाणी जोरात जातं आणि तेच मीटर जास्त दाखवतं. त्यामुळे चालू असलेल्या ५ मीटरवर पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

तोंडाशी दोन जाळ्या लावा एकामागे एक, पहिली मोठी दुसरी बारीक, दुसरी तिरकी आणि वर उचलून साफ करता येईल अशी. वाळू येत असेल तर पंपानंतर हायड्रोसायक्लोन, त्यात पाणी गोल फिरतं आणि जड वाळू खाली भांड्यात पडते. पण शेवाळ त्यात अडकत नाही कारण ते पाण्याइतकंच हलकं, शेवाळाला वाळूचा नाहीतर डिस्कचा फिल्टर लागतो. हायड्रोसायक्लोन लावून शेवाळ थांबेल असं समजून बरेच जण फसतात म्हणून मुद्दाम लिहितोय.

शेवटचं_आऊटलेट:

दोघांचे आभार. आज जाऊन सगळी १४ आऊटलेट बघून आलो. ११ ठिकाणी असं आहे की मेनवरून एल्बो, एल्बोनंतर वीतभर अंतरावर व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्हला चिकटूनच मीटर, पुढे पाईप सरळ खाली पाटात. एअर व्हॉल्व्ह अख्ख्या लाईनवर एक, तो पण गंजून बंद. म्हणजे बसवतानाच चुकलंय की काय?

फ्लँज_आणि_गॅस्केट:

हो ताई/दादा (माफ करा नावावरून कळत नाही), बसवतानाच चुकलंय. मी हीच कामं करते, पाईपलाईन आणि मीटर फिटिंगची, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

मीटरला शांत पाणी लागतं. एल्बोमधून आणि अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमधून पाणी भोवरे घेत येतं, एका बाजूला जोर जास्त एका बाजूला कमी, त्यात मीटर काय मोजणार. साधारण हिशोब असा की मीटरच्या आधी पाईपच्या व्यासाच्या ५ पट आणि नंतर ३ पट सरळ पाईप, तुमच्या १०० मिमीला म्हणजे आधी अर्धा मीटर, नंतर ३० सेंटिमीटर. पण हे कमीत कमी आहे आणि कंपनीच्या पुस्तकात जास्त लिहिलं असेल तर तेच धरायचं. एकामागे एक दोन एल्बो वेगवेगळ्या दिशेला वळलेले असतील तर पाणी पिळल्यासारखं फिरतं, तिथे १० पट द्या. आणि व्हॉल्व्ह मीटरच्या आधी ठेवूच नका, नंतर ठेवा. नंतर असला की दोन फायदे, भोवरे मीटरपर्यंत येत नाहीत आणि व्हॉल्व्ह थोडा दाबून ठेवला की मागे पाईप भरलेला राहतो. दुरुस्तीला मीटर काढायचं असेल तर आधी एक व्हॉल्व्ह लागतो खरा, तो चालू असताना पूर्ण उघडा ठेवायचा आणि त्यानंतर सरळ पाईप द्यायचा.

आता इलेक्ट्रोमॅग्नेटिकबद्दल. गढूळ पाण्यासाठी माझं मत स्पष्ट आहे, परवडत असेल तर तेच घ्या. आत काहीच फिरत नाही, रिकामी नळी असते, गवत आलं तर निघून जातं. चुंबकीय क्षेत्रातून पाणी वाहिलं की त्यात बारीक व्होल्टेज तयार होतं, फॅरेडेचा नियम, तेवढंच ते मोजतं, आणि कालव्याच्या पाण्यात क्षार असतातच त्यामुळे वीज वाहायची अडचण येत नाही. पण तीन गोष्टी बघा. प्लॅस्टिकच्या पाईपवर बसवताना दोन्ही बाजूंना अर्थिंग रिंग (पाण्याला टेकून त्याला अर्थिंगशी जोडणाऱ्या धातूच्या कड्या) लागतात, त्या विसरल्या की आकडा नाचतो आणि लोक मीटरला शिव्या देतात. मीटर आडवं बसवलं तर आतले दोन इलेक्ट्रोड डावी-उजवीकडे आले पायजेत, वर-खाली आले तर वरच्याला हवा लागते आणि खालच्यावर गाळ बसतो. आणि वाळू जास्त असेल तर अस्तर रबराचं किंवा पॉलियुरेथेनचं घ्या, घासून लवकर जात नाही.

साईझ पण नीट निवडा. एका ठिकाणी मी पुढे पाणी वाढेल म्हणून १५० मिमीचं बसवलं होतं, पाणी आलं सेकंदाला ६ लिटर, म्हणजे वेग सेकंदाला ३४ सेंटिमीटर, खाली गाळ साचत गेला आणि हंगाम संपेपर्यंत मीटरचा काही उपयोग राहिला नाही. ती चूक माझी होती आणि मी ते स्वतः बदलून दिलं. तुमच्या साडेपाच लिटरला १०० मिमीमध्ये वेग सेकंदाला साधारण ७० सेंटिमीटर येतो, तो चालतो. ८० मिमी केलं तर १.१ मीटर होईल, गाळ आणखी कमी बसेल, पण शेवटच्या टोकाला दाब आधीच कमी असतो तो अजून खर्च होईल, म्हणून तुम्ही १०० वरच राहा. पहिल्या दोन-तीन आऊटलेटना ८० चालेल.

विकत घेताना आयएसओ १६३९९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासलेलं आहे का ते विचारा, ते मानक खास सिंचनाच्या मीटरसाठीचं आहे. घरगुती पाण्याचं मीटर स्वच्छ पाण्यासाठी असतं, ते इथे नको.

पाटकरी_जुना:

ताईंनी सगळं बरोबर लिहिलंय. पण १४ इलेक्ट्रोमॅग्नेटिक एकदम घेणं सगळ्यांना जमेलच असं नाही, म्हणून उघड्या पाटाचा पर्याय पण लिहितो, कारण पिढ्यानपिढ्या पाणी उघड्यावरच मोजत आलेत लोक. ऑस्ट्रेलियात १९१० मध्ये जॉन डेथ्रिज नावाच्या माणसाने पाटात फिरणारं मोठं चाक काढलं, पाण्याने चाक फिरायचं आणि फेरे मोजायचे, ते तिकडे शंभर वर्षांच्या आसपास चाललं. अमेरिकेत राल्फ पार्शल नावाच्या इंजिनियरने अरुंद गळ्याची चारी काढली, पार्शल फ्ल्यूम, तिच्यात गाळ अडकत नाही कारण पाणी गळ्यातून जोरात जातं.

तुमच्या एवढ्या पाण्याला सगळ्यात सोपं म्हणजे व्ही-नॉच. पत्र्यात ९० अंशाची खाच कापायची, तो पत्रा टाकीत नाहीतर पाटात आडवा उभा करायचा आणि खाचेच्या टोकापासून पाणी किती उंच आहे ते मोजायचं. १० सेंटिमीटर उंची म्हणजे सेकंदाला साधारण ४.४ लिटर, ११ म्हणजे साडेपाच, १४ म्हणजे १०. तुमच्या पिंपाच्या हिशोबाने तुमच्याकडे ११ आणि पहिल्याकडे १४ यायला पायजे, करून बघा, जुळेल.

पण यात फसण्यासारखं पण आहे. उंची खाचेच्या तोंडाशी मोजायची नाही, तिथे पाणी खाली वाकलेलं असतं, उंचीच्या चौपट अंतर मागे पट्टी लावायची. ११ च्या जागी चुकून १२ वाचलं तर पाणी चतुर्थांशाने जास्त धरलं जातं, म्हणून पट्टी पक्की बसवा, हातात धरून मोजू नका. खाचेच्या मागे गाळ साचतो तो प्रत्येक पाळीला काढायचा. आणि पाणी खाली मोकळं पडलं पायजे, खालचं पाणी खाचेच्या टोकापर्यंत चढलं तर मोजमाप गेलं. हे त्या क्षणाचा वेग सांगतं, एकूण पाणी नाही, म्हणून पाळी चालू असताना दोन-तीनदा उंची लिहून ठेवावी लागते.

गाळ_आणि_गवत:

व्ही-नॉच चांगला पण त्याला पाण्याची उंची पडू द्यावी लागते आणि शेवटच्या आऊटलेटला तेवढी मिळेल का बघा, नाहीतर त्यांचंच पाणी अजून कमी होईल.

अजून एक मुद्दा कुणी लिहिला नाही. मोजणं वेगळं आणि वाटणं वेगळं. मीटरने हिशोब बरोबर होईल पण पहिल्याला १० आणि शेवटच्याला साडेपाच हे तसंच राहणार, त्यांचं रान भिजायला जवळपास दुप्पट वेळ लागणार. एका हेक्टरवर ५० मिमी पाणी द्यायचं म्हणजे ५०० घनमीटर, १० लिटरने ते १४ तासांत होतं, साडेपाचने २५ तास. वरच्या आऊटलेटना फ्लो लिमिटर बसवा, त्यात रबराची चकती असते, दाब वाढला की भोक बारीक होतं, त्यामुळे ठरलेल्यापेक्षा जास्त पाणी जात नाही. दाब अगदीच कमी असेल तर ते काम करत नाही, पण ते वरच्यांसाठीच लागणार आणि तिथे दाब असतो. पायलटवर (मोठ्या व्हॉल्व्हला उघड-बंद करणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हवर) चालणारे हायड्रॉलिक व्हॉल्व्ह पण मिळतात पण त्यांच्या बारीक नळ्या असल्या पाण्याने बुजतात, नळीवर छोटा फिल्टर लावून तो दर आठवड्याला धुवायची तयारी असेल तरच घ्या.

फ्लँज_आणि_गॅस्केट:

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आणि पैसे कमी असतील तर सुरुवात अशी करा, पंपानंतर मेन लाईनवर एकच चांगलं इलेक्ट्रोमॅग्नेटिक, आणि आऊटलेटवरची जुनी मीटर दुरुस्त करून पण नीट जागी. पाळी संपली की मेनचा आकडा आणि १४ जणांची बेरीज शेजारी लिहायची. फरक थोडा असेल तर ठीक, जास्त आला तर एकतर गळती आहे नाहीतर कुठलंतरी मीटर कमी दाखवतंय, आणि ते कुठलं हे पिंप लावून एका दिवसात सापडतं.

शेवटचं_आऊटलेट:

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. मी दादाच आहे ताई 🙂

व्ही-नॉच करून बघितला, माझ्याकडे ११ ला जरा कमी आणि पहिल्याकडे बरोबर १४. पहिला स्वतः पट्टीजवळ बसून वाचत होता त्यामुळे त्याला कुणी सांगायची गरज पडली नाही, त्याच्याकडे लिमिटर लावायला तो तयार झालाय. जाळ्या दोन झाल्या, एअर व्हॉल्व्ह चार नवीन बसवले, ११ आऊटलेटचे व्हॉल्व्ह मीटरच्या पुढे नेण्याचं काम चालू आहे, ६ झाली. ९ बंद मीटरपैकी ५ साफ करून चालू झाली, बाकीच्यांचे आस वाकलेत. मेनवरचं मीटर पुढच्या पाळीआधी बसेल. अर्थिंग रिंग सोबत आल्यात का ते आत्ताच खोका उघडून बघितलं, एकच आलीये, दुसरी मागवतो.