मदत हवी आहे: चवथीच्या मखरात आरसा लावलाय, पण 'अनंत' दिवे दिसत नाहीत, तीनच ओळी!

डिचोलीकर_०७:
चवथ चार दिवसांवर आली आणि मखर अडलंय. मागे आरसा, पुढे काच, मधे एलईडीची पट्टी, व्हिडिओत दाखवतात तसा खोल बोगदा दिसायला हवा ना, इथे कशाबशा तीन ओळी आणि त्याही खाली वाकत जातात. घरचे हसतायत. लवकर सांगा.

काजूबोंडू:
पुढची काच कसली? फिल्म लावलीय?

डिचोलीकर_०७:
काच म्हणजे काच. खिडकीची उरलेली.

काजूबोंडू:
मग तीन दिसतात हेच नशीब. साधी काच समोरून जेमतेम ८ टक्के प्रकाश परत फेकते, बाकी आरपार. प्रकाश आत दोन्हीकडे आपटत राहिला तरच बोगदा होतो. गाडीला लावतात तसली आरशासारखी चमकणारी फिल्म चिकटव, विषय संपला.

सायन्सवाला_मडगाव:
संपला कसला? वाकण्याचं काय? आरसा आणि काच समांतर नाहीत. १ अंशाचा फरक असला तरी प्रत्येक फेरीला प्रतिमा २ अंशांनी झुकते, म्हणून बोगदा वाकतो. आणि अनंत विसराच, एका फेरीत १० टक्के प्रकाश गेला तरी दहाव्या ओळीत ३५ टक्केच उरतो. काचेत लोह असतं म्हणून मागच्या ओळी हिरवट पण दिसतील.

नेवरी_खाऊ:
देवामागे आरसा ठेवू नये म्हणतात. आमच्याकडे कधी ठेवत नाहीत.

काजूबोंडू:
@नेवरी_खाऊ हे कोणी विचारलं मरे?

त्रिकोण:
दोन आरसे ६० अंशांत ठेवा, ५ प्रतिमा मिळतात, ९० अंशांत ३. स्कॉटिश शास्त्रज्ञ ब्रूस्टरने १८१६ मध्ये यातूनच कॅलिडोस्कोप काढला, फुलांसारखी नक्षी दाखवणारी नळी. मखराला मस्त दिसेल.

डिचोलीकर_०७:
मला बोगदा हवाय, फुलं नकोत!! आणि समांतरच आहे, आरशाची वरची बाजू माटोळीच्या, म्हणजे देवावर फळं टांगायच्या चौकटीला घट्ट बांधलीय.

सायन्सवाला_मडगाव:
माटोळीला??? अरे बाबा, आत्ताच झुकलीय, नारळ आणि सुपारीचे घड चढले की अजून झुकेल. आरसा भिंतीला लाव आणि चारही कोपऱ्यांत अंतर टेपने मोज. समोरची ट्यूबलाईट चालू असते का?

डिचोलीकर_०७:
असणारच, आरती काय काळोखात करायची?

काजूबोंडू:
मग फिल्म लावूनही काचेत आरती म्हणणारेच दिसतील. आरतीपुरती चालू ठेव, नंतर बंद कर.

डिचोलीकर_०७:
बरं. फिल्म उद्या म्हापशाच्या बाजारात मिळेल?

नेवरी_खाऊ:
उद्या शुक्रवार, तिथला बाजाराचा दिवस, पार्किंग मिळालं तरी पुष्कळ. गाड्यांचं सामान विकणाऱ्यांकडे विचार. आणि येताना खोबरं बघ, आमच्याकडे नेवऱ्या अजून व्हायच्यात.