चाळिशीत पुन्हा बी.कॉम.ला प्रवेश घेतला आहे; पदवीनंतर नोकरी मिळेल का?

प्रश्न (विचारणारी : उधारीची वही)

नमस्कार. माझे वय ४० आहे. २००५ साली बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली आणि त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आले. तिसरे वर्ष पुढच्या वर्षी करू, असे म्हणता म्हणता ते राहूनच गेले. दोन वर्षांपूर्वी जुन्या महाविद्यालयात चौकशी केली, तेव्हा मधल्या काळात अभ्यासक्रम बदलल्यामुळे थेट तिसऱ्या वर्षाला बसता येणार नाही, असे सांगण्यात आले. मग नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात पहिल्या वर्षापासून नाव घातले. आता दुसऱ्या वर्षाला आहे. सारे सुरळीत झाले, तर ४२व्या वर्षी पदवी हाती येईल.

नोकरी अशी मी कधी केली नाही. आमचे कृषी सेवा केंद्र होते, ते २०२३ मध्ये बंद केले. तिथली बिले, साठा नोंदवही, उधारीची वही, कंपन्यांच्या माणसांशी हिशेब जुळवणे आणि दर महिन्याला कर सल्लागाराकडे कागद पाठवणे, हे पंधरा वर्षे माझ्याकडेच होते. परंतु घरच्या दुकानातले काम अनुभव म्हणून कोणी धरील, असे वाटत नाही. अभ्यास केंद्रावर माझ्या शेजारी बसणारी मुलगी मला काकू म्हणते. उद्या मुलाखतीच्या बाकावरही तीच शेजारी असणार, हा विचार आला की पुस्तक मिटून ठेवावेसे वाटते.

मुक्त विद्यापीठाची पदवी नोकरीसाठी चालते का? स्पर्धा परीक्षेचा क्लास लावावा का? एका क्लासमध्ये चौकशीला गेले होते, तर तिथल्या गृहस्थांनी माझे वयही न विचारता फी सांगितली. मुलगा अकरावीला आहे आणि दोघांच्या शिक्षणाचा खर्च एकाच खिशातून होतो, म्हणून विचारते.

उत्तर १ (परीक्षार्थी)

ताई, पदवीची काळजी सोडून द्या. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केले आहे.

वयाचे मात्र तसे नाही. राज्यसेवेसाठी आणि राज्य शासनाच्या बहुतेक पदांसाठी खुल्या प्रवर्गाची मर्यादा ३८ वर्षे आहे आणि मागासवर्गीयांसाठी ४३. सरकारी बँकांच्या भरतीत लिपिकासाठी सर्वसाधारण मर्यादा २८ आणि अधिकाऱ्यासाठी ३०. तुम्ही खुल्या प्रवर्गात असाल, तर पदवी मिळण्याआधीच ही दारे बंद झालेली आहेत. मागास प्रवर्गात असाल, तरी फार तर एखादी संधी उरते. मी स्वतः या परीक्षांमध्ये सहा वर्षे घातली, म्हणून सांगतो : त्या क्लासचे पैसे भरू नका. वय न विचारता फी सांगणाऱ्याला तुमच्या निकालाशी काही देणेघेणे नाही.

उत्तर २ (ताळेबंद)

मी गेली अठरा वर्षे कर सल्लागाराचे छोटे कार्यालय चालवतो आणि माणसे मीच निवडतो, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने काय दिसते ते लिहितो.

कृषी सेवा केंद्राच्या एका बिलात काय काय असते ते आठवा. बियाण्याला कर नाही, खताला ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकाला १८ टक्के, आणि शेतकरी तिन्ही वस्तू एकाच वेळी नेतो, वर निम्मी रक्कम सुगीवर ठेवतो. २०१८ पासून अनुदानित खताची विक्री आधार घेऊन पॉस यंत्रावर करावी लागते, म्हणजे यंत्रातला साठा, नोंदवहीतला साठा आणि गोदामातली पोती यांचा मेळही तुम्हीच घालत होतात. गेल्या वर्षी माझ्याकडे प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालेला एक मुलगा आला होता. त्याने एका दुकानाच्या खरेदीच्या नोंदी घेताना सोयाबीनच्या बियाण्यालाही खताचा ५ टक्के दर लावला, आणि बेरीज का जुळत नाही हे शोधण्यात दोन दिवस घालवले. हुशार मुलगा होता, पण बियाण्याची पिशवी त्याने कधी विकली नव्हती. तुमच्या नजरेतून ही चूक सुटली नसती.

तेव्हा अर्जात घरच्या दुकानात मदत केली, असे लिहू नका. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणत्या वह्या आणि महिन्याला अंदाजे किती बिले, असे लिहा. कर सल्लागाराकडून दोन ओळींचे पत्र मिळाले, तर तेही जोडा.

तुमच्यात आज जे कमी आहे, ते पदवीपेक्षा वेगळे आहे. तुम्ही कागद पाठवत होतात. विवरणपत्र भरत नव्हता. टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीची शिकाऊ आवृत्ती फुकट मिळते. ती महिन्यातल्या ठरावीक तारखांनाच नोंद घेऊ देते, परंतु सरावाला तेवढी पुरते. तुमच्याच दुकानाचे एका महिन्याचे बिलबुक काढून त्यात उतरवा. मग खरेदीची बिले आणि जीएसटीआर-२बी (व्यापाऱ्यांनी आपल्या नावे दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) यांची जुळवणी शिका, कारण मुलाखतीत मी तेवढेच तपासतो : चाळीस बिले आणि एक छापील २बी पुढे ठेवतो, आणि कोणत्या व्यापाऱ्याने आपले बिल दाखवलेले नाही, ते शोधायला सांगतो. टीडीएस भरण्याची ७, विक्रीच्या विवरणपत्राची ११ आणि जीएसटी भरण्याची २० या महिन्याच्या तारखा सांभाळणारे माणूस मला हवे असते. त्याचे वय मी विचारत नाही. सगळेच कार्यालयवाले असे नसतात, हेही खरे. जाहिरातीत वय छापणारे पुष्कळ आहेत, तिथे अर्ज करण्यात वेळ दवडू नये.

पदवीनंतर वाणिज्य पदवीधर म्हणून जीएसटी प्रॅक्टिशनरची (दुसऱ्यांची जीएसटी विवरणपत्रे भरून देणाऱ्याची) नोंदणीही करता येते, म्हणजे पुढे आपल्याच तालुक्यातल्या दुकानांची कामे स्वतंत्रपणे घेता येतील.

उत्तर ३ (उशिरा शिकलेली)

वरच्या उत्तरात पगाराविषयी काही आलेले नाही. मी ४३व्या वर्षी अशाच एका कार्यालयात लागले, तेव्हा पहिला पगार माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलीइतकाच होता आणि शिकवायलाही तीच होती. पहिले वर्ष ते जड गेले, हे लपवण्यात अर्थ नाही.

कोणी सीए करण्याचा सल्ला देईल. वाणिज्य पदवीला ५५ टक्के गुण असतील, तर थेट सीएच्या मधल्या टप्प्याला, इंटरमिजिएटला, नोंदणी होते आणि वयाची अटही नाही. पण परीक्षांशिवाय दोन वर्षांचे आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचे प्रशिक्षण, आहे आणि त्यात मिळणाऱ्या विद्यावेतनात घर चालत नाही. मुलाचे शिक्षण तोंडावर असताना मी तरी ते आज करणार नाही. मात्र ५५ टक्क्यांच्या खाली येऊ नका, ती वाट उघडी राहू द्या.

आणि पदवी मिळेपर्यंत थांबू नका. मार्च संपला की आपल्या गावातल्या कर सल्लागाराकडे ढीगभर कागद येऊन पडतात. तुमचे कागद पंधरा वर्षे ज्यांच्याकडे जात होते, त्यांनाच का विचारत नाही?

उधारीची वही

सर्वांचे आभार. क्लासचा विचार सोडला आहे. आमच्या कर सल्लागारांना विचारायचे मला सुचलेच नव्हते, कारण आजवर त्यांच्याकडे गेले ते गिऱ्हाईक म्हणून. आज दुपारी फोन केला. ते म्हणाले, तुमचे कागद नेहमी तारखेच्या आत यायचे, ते लक्षात आहे. सोमवारी येऊन बसून बघा, पगाराचे दोन महिन्यांनी बोलू. दोन महिने बिनपगारी बसणे योग्य की निदान जाण्यायेण्याचा खर्च मागावा, एवढे 'ताळेबंद' यांनी सोमवारच्या आत सांगितले तर बरे होईल.

ताळेबंद

खर्च जरूर मागा. आणि दोन महिने नव्हे, एक महिना म्हणा. २० तारीख एकदा तुमच्या हातून गेली की त्यांना कळेलच.