'अनईव्हन'ला मराठीत काय म्हणाल?

पाणचट_चहा
अडलंय. एका छोट्या अंकासाठी अमेरिकन अॅनिमेटेड विनोदी मालिकांवर लिहितोय, म्हणजे सिम्पसन्स, फॅमिली गाय, साउथ पार्क, बोजॅक हॉर्समन वगैरे, मोठ्यांसाठीची कार्टूनं. मी ह्यांचा पंखा आहे तरी तक्रार अशी की ह्यातली बहुतेक कधी डोक्यावर घ्यावीशी वाटतात आणि कधी डोकं फिरवतात. तर ह्या अनईव्हनपणाला मी 'दर्जा असमान आहे' असं लिहिलं. आईने वाचून विचारलं, स्त्री-पुरुष असमानतेवर लिहितोयस का रे? 'विषम' लिहिलं तर गणिताचं पुस्तक नाहीतर विषमज्वर. 'खालीवर' लिहिलं तर लोक म्हणतील ह्याचं बीपी आहे. शब्द द्या.

कोशकीटक
असमान जाऊ दे, आधी 'मोठ्यांसाठीची कार्टूनं' हे काय आहे? 'प्रौढांसाठीच्या सचेत मालिका' असा स्वच्छ पर्याय असताना?

निंबोणी
सचेत म्हटलं की मला सावधान ऐकू येतं, पुढे रेल्वे फाटक असल्यासारखं. आणि प्रौढ शब्दाचं मराठीत दोनच ठिकाणी घर आहे. एक रात्रीचा साक्षरता वर्ग, पाटी आणि कंदील. दुसरं थेटराबाहेरचं 'फक्त प्रौढांसाठी'. बोजॅक दोन्हीकडे बसत नाही. दारुडा घोडा, आईच्या अंत्यविधीला उभा राहतो आणि सुरुवातीचा छोटा प्रसंग सोडला तर अख्खा भाग एकटाच बोलतो (2018चा आहे). ह्याला प्रौढांसाठी म्हणायचं की पोरक्यांसाठी?

कोशकीटक
शब्दाला घर नसेल तर ते वापरणाऱ्यांनी बांधायचं असतं. कार्टून म्हणून मोकळं व्हायचं आणि मग मराठी मरतेय म्हणून रडायचं.

घाटावरची
मूळ प्रश्नाकडे येऊ का? 'डावं-उजवं'. आमची आजी दिवाळीला चकल्या तळताना म्हणायची, घाण्याघाण्यात डावं-उजवं व्हायचंच. पहिल्या घाण्याच्या चकल्या तेलात सुटायच्या, मग जरा कोरडी भाजणी घालून पीठ मळलं की मधले चार घाणे असे काटेरी खुसखुशीत यायचे की आम्ही पातेल्यापाशीच संपवायचो, आणि शेवटी तेल काळं पडलं की चकलीला वास यायचा. तरी ती डब्यात जायचीच, तळाला. सिम्पसन्सचं हेच झालंय की नाही सांग. पहिल्या सीझनला चित्रं कशीतरी, होमरचा, म्हणजे त्यातल्या बापाचा, आवाजसुद्धा वेगळाच, मग तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत काटेरी. मोनोरेलचा भाग 1993चा, तो मधल्या घाण्यातला.

पाणचट_चहा
वा! फक्त इथे शेवटचा घाणा 1990च्या दशकाच्या अखेरीला सुरू झालाय आणि अजून कढई उतरवलेली नाही. साडेसातशेच्या वर भाग झालेत. सीझनला पर्व लिहू की हंगाम?

रत्नांग्री
हंगाम आंब्याचा.

जर्सीतला_मामा
डावं-उजवं मला पटत नाही. डावं-उजवं म्हणजे उन्नीस-बीस, मनाला लावून न घेण्यासारखं. सिम्पसन्सच्या 1997च्या त्या स्किनरवाल्या भागाला काय डावं-उजवं म्हणणार? मुख्याध्यापक स्किनर आठ सीझन आपल्यासमोर वावरतो आणि एके दिवशी सांगतात की हा खरा स्किनर नव्हेच, दुसराच कोणीतरी आहे. शेवटी न्यायाधीश हुकूम सोडतो, सगळं पूर्वीसारखं करा आणि ह्याबद्दल पुन्हा कोणी बोलायचं नाही. स्किनरला आवाज देणाऱ्या हॅरी शिअररलाच तो भाग आवडला नव्हता. ह्याला मराठीत माती खाणं म्हणतात.

निंबोणी
मला तो भाग आवडतो. त्या न्यायाधीशाचा हुकूम हाच तर विनोद आहे.

जर्सीतला_मामा
आवडू दे ना. माती आवडणारी माणसं असतात, गरोदरपणात तर असतातच.

पाणचट_चहा
मामा, तुमच्यामुळे गोंधळ वाढला. आता वाटतंय प्रकारच तीन आहेत. सिम्पसन्स सीझनगणिक उतरत गेली. साउथ पार्क भागागणिक, कारण ते एकेक भाग साधारण सहा दिवसांत करतात, तापल्या तव्यावर, म्हणून कधी पोळी मस्त फुगते कधी करपते. आणि फॅमिली गाय एकाच भागात, दर मिनिटाला. मध्येच 'आठवतंय का त्या वेळी' म्हणून जो तुकडा येतो तो एक फक्कड, पुढचा भंगार. साउथ पार्कवाल्यांनी 2006 मध्ये चिडवलंच होतं की फॅमिली गायचे विनोद टाकीतल्या समुद्रगाई चेंडू ढकलून बनवतात.

रत्नांग्री
समुद्रगाय म्हणजे ड्युगाँग. त्या भागात मॅनटी आहेत. दोघींची शेपटी वेगळी.

घाटावरची
मग फॅमिली गायसाठी 'खवट'. मूठभर शेंगदाणे तोंडात टाकावेत आणि त्यात एकच खवट निघावा, पुढचे चांगले असले तरी तोंडाची चव गेलेलीच. मला त्यांचा कोंबडीबरोबरच्या मारामारीचा तुकडा तसा लागतो. संपतच नाही.

जर्सीतला_मामा
कोंबडी नाही, कोंबडा. आणि तो न संपण्यातच मजा आहे, तुम्हाला कळत नसेल तर दाण्याला का दोष देता? बाकी ही मालिका 2002 मध्ये बंद पडली होती, डीव्हीडी धो धो खपल्या म्हणून 2005 मध्ये परत आणली. खवट दाणे कोणी पुन्हा विकत घेतं का?

कोशकीटक
'ढेपाळणे' कोणी सुचवलं कसं नाही? गुळाची ढेप पावसाळ्यात पाझरून बसते, त्यावरून ढेपाळली. 'मालिका पुढे ढेपाळत गेली.' सरळ मराठी.

वऱ्हाडी_ठेचा
कोणती गुळाची ढेप जी? आमच्याकडे ढेप म्हणजे सरकीची, गाईम्हशीले घालतात. ते कुठं पाझरते? दगडावानी रायते, फोडा लागते. तुमचं ते पाझरण्याचं काही पटलं नाही बा.

कोशकीटक
प्रादेशिक अर्थ वेगळा असू शकतो, व्युत्पत्ती प्रमाण शब्दावरून बघतात.

वऱ्हाडी_ठेचा
म्हंजे तुमचा गूळ प्रमाण आन् आमची सरकी प्रादेशिक. बरं.

निंबोणी
लागलं! डावं-उजवंची व्युत्पत्ती तरी भांडण न होता सांगू का? ताटावरून आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी. डावं चाखायचं, उजव्याने पोट भरायचं.

घाटावरची
ताटावरून कसं असेल? 'हा त्याच्यापेक्षा उजवा' म्हणताना ताट कुठे असतं? उजव्या हाताचा मान, एवढंच. आणि माझं विचारशील तर डावी बाजूच जास्त चविष्ट.

पाणचट_चहा
मंडळी, उद्या लेख द्यायचाय. डावं-उजवं, खवट, माती, ढेप, ह्यातलं एक धरू की तीन मालिकांना तीन? आणि बोजॅकला काय म्हणू, तिला तर ह्यातलं काहीच लागू होत नाही. सहा सीझन, 77 भाग, 2020 मध्ये संपवली आणि गेले.

जर्सीतला_मामा
बोजॅकचा पहिला सीझन अर्ध्यापर्यंत पोचट आहे. सगळे म्हणतात पुढे बघ, पुढे बघ. सहा भाग मी काय म्हणून सोसायचे?

निंबोणी
तुम्ही सोडलीत ना मध्येच? तरीच.

वऱ्हाडी_ठेचा
कोशकीटक भाऊ, ढेपाळणेचं कोणत्या कोशात हाय ते सांगाल काय? वाट पाहून राह्यलो.